रिफंड आला म्हणजे हिशेब बरोबर होता का?

प्रश्न : मी विक्रोळीतील एका कारखान्यात वरिष्ठ तंत्रज्ञ आहे. गेली तीन वर्षे आमच्या विभागातील बहुतेकांचे आयकर विवरणपत्र एकच गृहस्थ भरतात. एका जुन्या सहकाऱ्यानेच त्यांची ओळख करून दिली होती. कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म सोळा, व्हॉट्सॲपवर पाठवायचा, आलेला ओटीपी फोनवर सांगायचा आणि रिफंड जमा झाला की त्यातील दहा टक्के त्यांना द्यायचे, एवढेच आमचे काम. मला दरवर्षी एकतीस हजारांच्या आसपास परत मिळाले. गेल्या महिन्यात आयकर विभागाचा संदेश आला तेव्हा मुलीने पोर्टल उघडून दाखवले, तर माझ्या नावावर एका राजकीय पक्षाला दरवर्षी दीड लाखाची देणगी दिल्याची नोंद होती. त्या पक्षाचे नावही मी कधी ऐकले नव्हते. कुणाचा रुपया न बुडवणारी माझ्यासारखी माणसे यात अडकतात कशी? आता काय करावे, आणि दिलेले कमिशन परत मिळेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : आपल्या पत्रात ओटीपीचा उल्लेख ओझरता आला आहे, पण माझ्या मते सगळे प्रकरण तिथेच आहे. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेले ते सहा आकडे म्हणजे विवरणपत्रावरील आपली सही असते. लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून आपण ते आकडे सांगितले असतील, तेव्हा आपण काही सही करतो आहोत असे आपल्या मनातही आले नसेल. ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापन मात्र त्याच क्षणी आपल्या नावाने पूर्ण झाले. कायदा जबाबदार धरतो तो विवरणपत्र ज्याच्या नावाचे आहे त्याला, आणि ते भरून देणाऱ्याचे नाव त्यात बहुधा कुठेच नसते.

माणसे यात का ओढली जातात, याचे ‘लोभ’ हे उत्तर मला अपुरे वाटते. दुकानदाराला कर चुकवायचा असेल तर त्याला स्वतः विक्री लपवावी लागते आणि आपण काय करतो आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते. पगारदाराचा कर पगार हातात पडण्याआधीच कापलेला असतो. जानेवारीत पुरावे मागितले जातात, ते कमी पडले की फेब्रुवारी-मार्चच्या पगाराला कात्री लागते, आणि रात्रपाळ्या करून मिळवलेल्या ओव्हरटाइमचा मोठा हिस्सा टीडीएसच्या रकान्यात गेलेला दिसतो. अशा माणसाला ‘तुमचेच कापलेले पैसे काढून देतो’ असे कोणी सांगितले तर त्याला त्यात चोरी दिसत नाही, हक्काची वसुली दिसते. ते गृहस्थही याला ‘टॅक्स बचत’च म्हणत असतील. भविष्यनिर्वाह निधीत पैसे टाकून कर वाचवणे ही बचत असते; न दिलेली देणगी दाखवून करपात्र उत्पन्न कमी करणे ही सरळ करचुकवेगिरी आहे, पण दोन्हींना एकच गोड शब्द वापरला की फरक पुसला जातो.

त्यावर शिक्कामोर्तब करतो तो रिफंडच. विवरणपत्रासोबत पुरावे जोडावे लागत नाहीत. आयकर विभागाच्या बंगळुरूच्या केंद्रात संगणक आकडेमोड आणि उघड विसंगती तपासतो, आणि रिफंड बऱ्याचदा काही आठवड्यांत खात्यात येतो. त्याला मंजुरी म्हणता येत नाही, कारण खरी छाननी नंतरही होऊ शकते. परंतु बँकेचा संदेश आला की आपण समजतो, सरकारने पाहिले आणि मान्य केले. पहिल्या वर्षी एकाला रिफंड येतो, कँटीनमध्ये त्याची चर्चा होते, दुसऱ्या वर्षी दहा जण जातात, आणि तिसऱ्या वर्षी न जाणारा वेडा ठरतो. इथे विश्वास त्या गृहस्थावर बसलेला नसतो, ज्याने ओळख करून दिली त्या शेजारच्या मशीनवरील माणसावर बसलेला असतो.

ब्रिटनमध्ये कर टाळण्यासाठी पगाराऐवजी ‘कर्ज’ देण्याच्या योजनांत परिचारिका आणि समाजसेवा क्षेत्रातील कर्मचारीही असेच ओढले गेले होते. अशा कर्जांवर २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला विशेष कर २०१९ मध्ये लागू झाला, तेव्हा कागद रंगवणारे बाजूला राहिले आणि बिल कामगारांच्या नावे निघाले.

तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कमिशन रिफंडच्या टक्केवारीत होते. सचोटीने काम करणारा करसल्लागार सहसा ठरावीक शुल्क घेतो, आणि आकडा फुगण्यात त्याचा कोणताही लाभ नसतो. रिफंड नेमका कशाचा, हे आपण तीन वर्षांत एकदाही विचारले नाही. हे न विचारणे सगळेच अजाणतेपणाचे नसावे, असे मला वाटते.

हे पकडले कसे जाते, तेही पाहा. राजकीय देणगीची वजावट फॉर्म सोळामध्ये सहसा नसते. ती थेट विवरणपत्रात येते, त्यामुळे दोन्हींतील तफावत संगणकाला सहज दिसते. अलीकडच्या नमुन्यांत तर अशा देणगीच्या व्यवहाराचा क्रमांक आणि बँकेचा तपशीलही द्यावा लागतो. आयकर विभागाने १४ जुलै २०२५ रोजी देशभरात सुमारे १५० ठिकाणी अशा खोट्या दाव्यांची तपासणी सुरू केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचे विभागाने तेव्हा सांगितले. पुढच्या महिन्यात निवडणूक आयोगाने नोंदणीकृत पण मान्यता नसलेले ३३४ पक्ष यादीतून वगळले. आपला ‘पक्ष’ त्यांत आहे का, ते मुलीला पाहायला सांगा, पण आपल्या हिशेबात त्याने फरक पडणार नाही.

आता आकडे. आपण वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर दीड लाखाच्या वजावटीने उपकरासह ३१,२०० रुपये कर कमी झाला. खोटी माहिती दिल्याचे ठरले तर कर आणि व्याजाशिवाय कराच्या २०० टक्के, म्हणजे एका वर्षासाठी ६२,४०० रुपये दंड होऊ शकतो. स्वतःहून अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे चूक दुरुस्त करून नव्याने दिलेले विवरणपत्र, भरल्यास मात्र कर आणि व्याज यांवर अतिरिक्त आकारणी होते. करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ती २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के असते. म्हणजे तिन्ही वर्षांचा दर वेगळा, आणि सर्वांत जुन्या वर्षाचा सर्वांत जास्त. आपल्याला आलेला संदेश केवळ सूचनेचा आहे की रीतसर नोटीस, हे आधी पाहा. छाननीची किंवा फेरआकारणीची नोटीस निघाल्यावर हा मार्ग एक तर बंद होतो, नाही तर अधिक महाग पडतो.

आज रात्रीच पोर्टलवरील आपल्या प्रोफाइलमध्ये ईमेल पत्ता कोणाचा आहे तेही तपासा. अशा मंडळींनी केवळ ढीगभर विवरणपत्रे भरण्यापुरते ईमेल पत्ते काढून नंतर सोडून दिल्याचे तपासात आढळले आहे, आणि त्यावर गेलेल्या नोटिसा कोणी वाचतच नाही. पत्ता आपला टाका, पासवर्ड बदला, तिन्ही वर्षांची विवरणपत्रे उतरवून घ्या आणि ती घेऊन सनदी लेखापालाकडे जा.

कमिशन परत मिळेल असे मला वाटत नाही, कारण त्याची पावती नसणार. यूपीआयने दिले असेल तर त्याच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नका. चौकशीत अधिकाऱ्याने विचारले की विवरणपत्र कोणी भरले, तर दाखवायला आपल्याजवळ तेवढेच असेल.