पाद्र्याच्या ओव्या

प्रश्न : इंग्रज पाद्र्याने मराठीत ओव्या लिहिल्या, त्याही रोमन लिपीत, हे खरं का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : अगदी खरं. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये इथेच वारले. बराच काळ दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत गेला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पुराण ऐकायची सवय काही सुटली नव्हती, मग त्यांनी बायबलची कथाच पुराणाच्या चालीवर रचली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतल्याच रायतूरला छापलं, जवळपास अकरा हजार ओव्या! लिपी रोमन, कारण छापखान्यात देवनागरी अक्षरांचे खिळे नव्हते. पाद्रीबाबांची हौस नव्हती ती.

मी वेंगुर्ल्यात मराठी शिकवायचो. मराठीला फुलांतला मोगरा, परिमळांतली कस्तुरी म्हणणारी त्यांची ओवी नाव न सांगता फळ्यावर लिहायचो. कवी कोण? पोरं एकसुरात ‘ज्ञानेश्वर!’ म्हणायची. एकदा तर तपासणीला आलेले साहेबही तेच म्हणाले. मी गप्प बसलो, नोकरी होती ना!

आणि हो, कोकणीचं व्याकरणही त्यांचंच. ते मात्र छापून निघालं १६४० मध्ये, ते गेल्यावर एकवीस वर्षांनी.