अळीतलं शिसं की अळीच्या पोटातला गाळ?

शहराच्या खालच्या अंगाला प्रवाहात मिळालेल्या लाल कायरोनोमस (न चावणाऱ्या चिलटाच्या) अळ्यांत शिसं आणि ॲल्युमिनियम भरमसाट आलंय, तर प्रबंधात ‘जैवसंचय’ (म्हणजे धातू अळीच्या ऊतींत साठला) लिहू का आणि पक्ष्यांनाही धोका म्हणू का, असं तुम्ही विचारलंय. दुखणं ओळखीचं आहे. इतक्यात लिहू नका.

जाळी, ओळख पटवणं वगैरे तुम्हाला येतच असेल. आधी ॲल्युमिनियम बघा. चिकणमातीत ते टक्क्यांनी असतं, त्यामुळे अळीत ते चढलं की आतड्यातला गाळ यंत्रात गेला असं धरावं. गाळ खाणाऱ्या अळ्यांत लोह आणि शिशाचे आकडेही असेच फुगतात. कॅडमियमचे त्या मानाने कमी, कारण ते बरंचसं ऊतींतच असतं.

पुढच्या खेपेला अळ्या त्याच जागच्या, पण गाळून घेतलेल्या पाण्यात थंड जागी 24 तास ठेवा, म्हणजे पोट रिकामं होईल. खाली नायलॉनची जाळी हवी, नाहीतर विष्ठा परत खातात. पाणी मध्ये बदला. फार लांबवू नका, मग ऊतींतला धातूही निघू लागतो. चिमटा प्लॅस्टिकचा. (चतुराच्या अळ्या असतील तर डबीत एकच, दोन ठेवल्या तर सकाळी एक उरते.) मग 60 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पारा मोजायचा असेल तर ओव्हन नको, फ्रीझ-ड्राय करा, म्हणजे गोठवून वाळवा.

आणि तो प्रयोगशाळेचा अहवाल! नुसतं ‘मि.ग्रॅ./किलो’. ओल्या वजनावर की कोरड्या? अळीत 80 टक्के पाणी धरलं तर पाचपट फरक पडतो. विचारलं की ‘फॉरमॅट असाच आहे’, आणि ब्लँकचा (नमुना न घालता केलेल्या चाचणीचा) आकडा मागूनही मिळत नाही. आमचा अख्खा हंगाम अशाच एका प्रयोगशाळेने खाल्ला. नाव घेत नाही. पैसे भरण्याआधी कोरडं वजन, ब्लँक आणि प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातलं धातूचं प्रमाण आधीच ठाऊक असतं), तिन्ही लेखी मागा. सगळ्याच प्रयोगशाळा तशा नसतात, हेही खरं.

जुने आकडे फेकू नका. मासा अळी गाळासकटच गिळतो, म्हणून त्याच्या आहारासाठी ते चालतील. पक्ष्यांचं वेगळं. अळीचं चिलट होताना बरेच धातू कातीबरोबर मागे राहतात; मिथाइल पारा (पाऱ्याचं सेंद्रिय रूप) मात्र टिकतो. व्हर्जिनियातल्या साउथ रिव्हरकाठी 1929 ते 1950 दरम्यान कारखान्यातून सांडलेला पारा पुढे काठावरच्या आठ पायांच्या कोळ्यांमार्फत रानपक्ष्यांत सापडला. शिसं-तांब्याचं म्हणाल तर माझ्या मते पक्ष्यांना विषापेक्षा उपासमारीचा धोका मोठा, कारण अशा पाण्यातून चिलटं उडतातच कमी. तेव्हा पक्ष्यांवर वाक्य लिहायचं असेल तर पाण्यावर सापळे लावून उडणारी चिलटं मोजा.