'आई गेली' असं लिहू नकोस

प्रिय मित्रा,

एमा डोनोह्यूच्या 'रूम' या इंग्रजी कादंबरीची (2010) तू अनुवादित केलेली पहिली वीस पानं वाचली. एका माणसाने खोलीत कोंडून ठेवलेली आई आणि तिथेच जन्मलेला जॅक यांची ही गोष्ट, तीही जॅकच्याच तोंडून. पहिली तक्रार: जॅकला तू बोबडा केलास. पोरगा पाच वर्षांचा आहे, पण आई दिवसभर त्याच्याशी बोलते. टीव्हीवरची वाक्यं ऐकून पोपटासारखी म्हणून दाखवायची, हा त्यांचा खेळच आहे. शब्द त्याच्याकडे रग्गड आहेत. चुकतं ते व्याकरण. अनियमित क्रियापदं तो नियमात बसवतो, आणि आपली मुलंही तेच करतात: 'केला'ऐवजी 'करला', 'गेला'ऐवजी 'जाला', 'मेला'ऐवजी 'मरला'. या चुका घे, पण पानाला दोन-तीनच. जास्त झाल्या की जॅक मठ्ठ वाटायला लागतो. 'मरला' मात्र आत्ताच खर्चू नकोस. सुटकेसाठी गालिच्यात गुंडाळून घेऊन तो मेल्याचं सोंग घेतो, तिथे लागेल.

खरी मेख वस्तूंच्या नावांत आहे. इंग्रजीत जॅक बेडला, वॉर्डरोबला आर्टिकल लावत नाही आणि त्यांचं पहिलं अक्षर मोठं असतं. म्हणजे त्याच्या लेखी ती माणसंच. मराठीत दोन्ही सोयी नाहीत म्हणून तू अवतरणचिन्हं घातलीस. ती डोळ्याला दिसतात, कानाला ऐकू येत नाहीत. आपल्याकडे सामान्यरूप आहे, ते वापर. बोलताना आपण 'अमितला' म्हणतो, 'अमिताला' नाही. वस्तूला मात्र 'पलंगाला', 'दाराला'. तर जॅकने 'पलंगला', 'दारला', 'कपाटमध्ये' म्हणावं. सुटकेनंतर, जगात पलंग पुष्कळ असतात हे उमगेल तसं 'पलंगावर' येऊ दे, तेही आधी क्लिनिकमधल्या पलंगाला. 'खोली' इथे दगा देते, कारण 'खोलीला' दोन्हीकडे सारखंच. तिच्यासाठी अनेकवचन राखून ठेव: सुरुवातीच्या भागात जॅकच्या तोंडी 'खोल्या' एकदाही येता कामा नये. (रग, म्हणजे तो गालिचा, मुळात 'ती' आहे. सतरंजी घेऊन लिंग वाचवता येईल, पण सतरंजीत गुंडाळलेलं पोर बाहेरून चटकन कळेल. गालिचाच बरा.)

आई काही दिवस नुसती पडून असते, उठत नाही, बोलत नाही. जॅक तेव्हा ती 'गॉन' आहे म्हणतो. तू सरळ 'आई आज गेली' लिहिलंस! मराठी वाचक तिथे पुस्तक खाली ठेवून आजूबाजूला बघेल. 'आई आज नाहीये' कर. ती समोर पलंगवर आहे आणि 'नाहीये', एवढं पुरतं. तसंच रात्री तो कोंडणारा माणूस आईकडे आला की कपाटमध्ये पडून जॅक पलंगची करकर मोजतो, तिथे तू घातलेलं 'न कळणाऱ्या भीतीने' काढ. त्याला माहीत नाही ते तुझ्या वाक्यालाही माहीत नसावं.

खोली अकरा बाय अकरा फुटांची आहे. जमिनीवर खडूने आखून वस्तू मांडून बघ, कोण कुठून काय बघू शकतो ते कळेल. पण ती लहान आहे यावर जोर देऊ नकोस. दहा बाय बाराच्या चाळीतल्या खोलीत आपल्याकडे अख्खी कुटुंबं राहिली. आकाराने आपला वाचक दचकणार नाही. तो दचकेल आकडे दाबून उघडणाऱ्या दारामुळे, कारण चाळीतलं दार दिवसभर सताड उघडं असतं.

बाहेरच्या भागात नात्यांचा सापळा आहे. अंकल पॉल म्हणजे मामा, बरोबर, पण 'मामा' म्हटल्याबरोबर लाड आलेच, आणि जॅकला हा माणूस परका आहे. म्हणून 'पॉल अंकल'च ठेव. आजीच्या दुसऱ्या नवऱ्याला तो 'स्टेप्पा' ('स्टेप', म्हणजे सावत्र, अधिक 'ग्रँडपा') म्हणतो. 'सावत्र'वरून शब्द पाडू नकोस. त्या शब्दात मराठी कानाला छळ ऐकू येतो, आणि हा तर त्याच्याशी लेगो खेळणारा भला माणूस. जिने बसून-बसून उतरणं, अंतराचा अंदाज चुकणं, ऊन न सोसणं यात भाषेची अडचण नाही. वाक्यं आखूड ठेवलीस की झालं. 'बरा होणं' हा शब्द मात्र डॉक्टर आणि आजी यांच्याच तोंडी असू दे. जॅकच्या मते तो आजारी नाही, त्याचं घर गेलंय.

छापायचा विचार असेल तर अनुवादाच्या हक्कांसाठी आधी लेखिकेच्या एजंटला लिही.

शेवटी तो खोली बघायला परत जातो आणि एकेका वस्तूचा निरोप घेतो. तिथे 'दारला' की 'दाराला', हे अख्खा खर्डा मोठ्याने वाचून झाल्यावर ठरव. मी 'दारला'कडे झुकतो.