निरागसता हरवण्यावरची अभिजात पुस्तकं आठवीतल्या मुलाला आत्ताच द्यावीत का?

हा प्रश्न विचारताना तुम्ही दिलेली पुस्तकांची यादी वाचली. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स, टू किल अ मॉकिंगबर्ड, लॉर्ड ऑफ द फ्लाइज. यादी चांगलीये, पण पुढे तुम्ही लिहिलंय की 'श्यामची आई मुद्दाम घेतलं नाही, ते रडकं आहे', तिथं माझं डोकं सटकलं म्हणून टाईप करायला बसलो.

साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. सगळे आई आई करून रडतात आणि त्यातलं कर्ज विसरतात. बरं चाललेलं घर हळूहळू कर्जात बुडतं, वसुलीचा माणूस घरी येऊन वाटेल ते बोलतो, आणि पोरगं ते सगळं बघत असतं. माझ्या मते ते आईचं जेवढं तेवढंच कर्जाचं पुस्तक आहे. हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही, आमच्या दारात कळलं.

१९८८. मी पाचवीत. नारायण पेठेत वाड्यात दोन खोल्या, पिंपरीतली बाबांची कंपनी टाळेबंदीत, घरी सात-आठ महिने पगार नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांची उधारी वाढत चाललेली. आई रोज संध्याकाळी शुभंकरोति झालं की मला आणि ताईला श्यामची आईमधलं एकेक प्रकरण वाचून दाखवायची, अप्पा बळवंत चौकातून बाबांनीच आणलेली प्रत होती. खोटं बोलायचं नाही, हे तर आमच्याकडे मीठ-मिरचीसारखं रोजचं.

एका रविवारी काका स्वतः आले, हातात ती लाल कापडी बांधणीची वही. आईने खिडकीतून बघितलं आणि मला दाराकडे ढकलत कानात म्हणाली, "बाबा नाहीत म्हणून सांग." बाबा आत पलंगावर बसलेले, रेडिओ बंद केलेला. मी जाऊन सांगितलं, बाबा बाहेर गेलेत. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. बाबांच्या कोल्हापुरी चपला दारातच होत्या, त्यातली एक उलटी पडलेली. काकांनी पायाच्या अंगठ्याने ती सुलटी केली, "बरं, आले की येऊन गेलो म्हणून सांग" म्हणाले आणि गेले. बस एवढंच. ओरडले असते, मला खोटारडा म्हणाले असते तर मी विसरूनही गेलो असतो. पण त्यांना कळलं, मला कळलं की त्यांना कळलंय, आणि दोघांनी नाटक पुरं केलं. दुसऱ्या दिवशी साखर आणायला गेलो तर नेहमीसारखी लिमलेटची गोळी पुढे केली त्यांनी. मी नको म्हणालो.

कॉलेजात गेल्यावर ग्रेट एक्स्पेक्टेशन्स वाचलं (१८६०-६१ मधलं, डिकन्सने हप्त्याहप्त्याने लिहिलेलं) आणि सुरुवातीलाच थांबलो. त्यातला लहानगा पिप एका पळालेल्या कैद्यासाठी घरातून खाणं आणि कानस चोरतो, आणि त्याला सांभाळणाऱ्या लोहार मेहुण्याला, जोला, सांगत नाही, कारण जोच्या मनातून उतरू ही भीती. पुढे कैदी पकडला जातो तेव्हा तो कैदीच आपणहून सांगतो की लोहाराच्या घरचं खाणं मीच चोरलं. पोराला वाचवतो. मला थेट ती उलटी चप्पलच आठवली. लोक म्हणतात निरागसता जाते ती मरण बघून किंवा वाईट माणसं भेटून. मला नाही पटत. आपली चांगली माणसं घाबरतात हे दिसतं, आणि आपण त्यांना सांभाळून घेतो, तेव्हा जाते. वर तिसराच कुणीतरी आपल्याला सांभाळून घेतो.

मॉकिंगबर्डमध्ये खटल्याच्या निकालानंतर वकिलाचा मुलगा जेम रडतो ते भारी आहेच, पण त्याचा बाप कोर्टात उभा राहून हरलाय. मला जेमचा हेवा वाटतो, खरं सांगतो. लॉर्ड ऑफ द फ्लाइज थोर असेल, गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होता, जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणलंय, सगळं मान्य, पण त्यात मोठं माणूस थेट शेवटी उगवतं. बेटावर अडकलेली मुलं एकमेकांना मारतात याचा मला धक्का बसत नाही, आम्ही वाड्यात वाढलोय. आणि मराठीतच हवं असेल तर प्रकाश नारायण संतांचं वनवास घ्या. त्यातला लंपन नावाचा मुलगा आईबाबांना सोडून आजी-आजोबांकडे राहतो, फार काही घडत नाही, तरी घशाशी येतं.

तर द्या पुस्तकं. आठवी म्हणजे लहान नाही. आमची ताई, तेव्हा नववीत होती, ती अजून दर दिवाळीला म्हणते, "तू एवढासा होतास, तुला काय कळत होतं, काका कधी घरी आलेच नव्हते, तू पुस्तकातलं आणि आपलं मिसळतोस." तिला वाटतं लहान मुलांना पैशाचं, भांडणाचं कळू देऊ नये, तिने स्वतःच्या मुलांनाही असंच कापसात ठेवलं. अहो, कळू दिलं नाही म्हणून कळायचं थांबतं का?

हां, एक राहिलंच. मी साहित्याचा माणूस नाही, अकाउंट्समध्ये नोकरी करतो. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स जाडजूड आहे, मुलगा कंटाळेल, संक्षिप्त आणा. मॉकिंगबर्डमध्ये खटला बलात्काराच्या आरोपाचा आहे, ते आधी तुम्ही वाचा. आणि तुमच्या घरी आत्ता खरंच काही चालू असेल, नोकरीचं वगैरे, तर श्यामची आई जरा थांबून दिलंत तरी चालेल.

आणि ताई, तू हे वाचशीलच, कुणीतरी लिंक पाठवेलच तुला. उलटी होती ती डावी चप्पल. अंगठा तुटलेली.