कंठ फुटतो तेव्हा

दरवर्षी अभियांत्रिकीचे प्रवेश आटोपले आणि पहिल्या वर्षाचा इंडक्शन कार्यक्रम सुरू झाला, की आठवड्याभरात माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर नवे चेहरे दिसू लागतात. तक्रार वेगवेगळ्या तोंडून येते, पण शब्द जवळजवळ तेच असतात: "मॅडम, ओळख करून द्या म्हटलं की माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं." सांगली-मिरज परिसरातील एका महाविद्यालयात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनासाठी जाते. तेथील सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांनी नाव, गाव आणि टक्के यांची नेहमीची यादी बंद करून काही वर्षांपूर्वी एक नवा प्रश्न सुरू केला: "तुमचे आणि संगीताचे नाते काय, ते दोन मिनिटांत सांगा." त्यांचा हेतू चांगला होता. ज्या मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावाशेजारी चार वर्षे राहून मुलांनी एकदाही सतारमेकर गल्लीत पाऊल टाकू नये, याचे त्यांना वाईट वाटत असे.

प्रश्न सुंदर असला तरी तो अनेकांना टोचतो, हे मला बाकावरच्या मुलांनी शिकवले. तबल्याच्या मध्यमा पूर्ण या परीक्षेपर्यंत पोहोचून दहावीच्या वर्षी तबला बंद केलेला मुलगा "मी सोडलं" हे वाक्य गुन्हा कबूल केल्यासारखे उच्चारतो. दिवसभर कानात इअरफोन घालून वावरणारी मुलगी "मी नुसती ऐकते" म्हणते, जणू ऐकणे ही कमी प्रतीची गोष्ट आहे. आणि जत तालुक्यातून आलेला, घरात तीन पिढ्या हलगी असलेला मुलगा सरळ सांगतो, की त्याचा संगीताशी काही संबंध नाही. हे तिसरे उत्तर मला सर्वांत जास्त खटकते. शाळेत संगीत म्हणजे काय आणि वाजवणे म्हणजे काय, हा भेद आपण या मुलांच्या मनात किती नेमका रुजवला आहे, हे त्यातून दिसते.

आज मात्र मी एकाच मुलाची हकिकत सविस्तर सांगणार आहे. त्याला आपण विनायक म्हणू. त्याची ओळख पटणार नाही इतपत तपशील मी बदलले आहेत. ऊस तेवढा ठेवला आहे, कारण उसाशिवाय ही हकिकत सांगताच येत नाही.

विनायकची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला, "मी गायक होतो," एवढेच म्हणाला आणि खाली बसला. वर्गात कोणी हसले नाही, कोणी काही विचारलेही नाही. परंतु त्या रात्रीपासून वसतिगृहाच्या खाटेवर पडल्यापडल्या तेच वाक्य त्याच्या डोक्यात फिरू लागले, झोप तुटू लागली आणि तीन आठवड्यांनी खोलीतल्या मित्राने त्याला माझ्याकडे आणून सोडले. आजोबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत. त्यांच्या मांडीला टेकून हा आठव्या वर्षापासून अभंग म्हणत असे, आणि गणेशोत्सवाच्या फलकावर त्याच्या नावामागे 'बालगायक' असे छापले जाई. नववीत असताना अशाच एका कार्यक्रमात वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, लावताना त्याचा आवाज चिरकला. पहिल्या रांगेतली दोन मुले हसली आणि सूत्रसंचालन करणाऱ्या काकांनी माईकवरूनच गमतीने सांगितले, "आमच्या बालगायकाचा कंठ फुटला बरं का!" सगळा मांडव हसला. त्यानंतर चार वर्षे विनायक गायला नाही, आरतीतही तो केवळ ओठ हलवत असे. घरी पाहुणे आले की आई अजूनही सांगते, "हा पूर्वी फार छान गायचा."

इथे मी एक चूक केली, ती नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. पहिल्याच भेटीत मी त्याला शरीरशास्त्र समजावून सांगितले. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या सुमारास मुलांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो आणि तो स्थिर व्हायला काही महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्या काळात चिरकणे हे आजाराचे लक्षण नसून वाढीचे लक्षण असते. शेवटी उत्साहाच्या भरात मी "तू पुन्हा गायला लाग" असेही सांगून टाकले. यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि त्या मुलाला त्यातल्या एकाचाही उपयोग नव्हता. पुढच्या दोन भेटींना तो आलाच नाही. आपण समुपदेशक पुष्कळदा समोरच्याच्या दुःखाला उत्तर देण्याऐवजी आपल्या माहितीला वाट करून देत असतो.

तो पुन्हा आला तेव्हा मी गाण्याचा विषय काढला नाही, त्याच्या वाक्याचा काढला. माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांत झाली आहे, आणि एकोणीस वर्षांनंतरही माझी त्यांच्यावरची निष्ठा ढळलेली नाही. एलिसचे म्हणणे असे, की कृतीचे मोजमाप अवश्य करावे, पण त्यावरून सबंध माणसाला गुण देऊ नयेत. 'मी नापास झालो' आणि 'मी नापास आहे' यांच्यामध्ये असलेली फट त्यांनी आयुष्यभर लोकांना दाखवली. (जाता जाता सांगते: हे गृहस्थ लोकप्रिय चालींवर मनाच्या खोडींची विनोदी गाणी रचत आणि कार्यशाळेत सर्वांकडून ती म्हणून घेत. गायक म्हणून त्यांची ख्याती मुळीच नव्हती, आणि त्यामुळे त्यांचे काही अडलेही नाही.)

मी विनायकला म्हटले, "तुझी ओळख पुन्हा सांग. फक्त 'आहे', 'नाही' आणि 'होतो' हे तीन शब्द वापरायचे नाहीत."

तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. पाच-सात मिनिटे तरी गेली असतील. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मेसमधल्या एक्झॉस्ट फॅनचा सूर मी रोज ओळखायचा प्रयत्न करतो. पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या, काळी दोनच्या, जरा खाली आहे." मी बोट वर केले. तो ओशाळून हसला. "काळी दोनच्या जरा खाली लागतो. रोज. लाईट कमी-जास्त झाली की सरकतो."

"आणखी?"

"दिवाळीला आजोबांच्या पेटीचा भाता मी पुसतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत..." इथे तो अडखळला, कारण 'नाही' म्हणायची बंदी होती. "मीच पुसतो. मंडळात एखादा माणूस बेसूर झाला की माझ्या पोटात गोळा येतो."

ज्याचा गाण्याशी संबंध 'होता', तो मुलगा पंख्याचे सूर मोजत जेवत होता. हे मी त्याला बोलून दाखवले नाही. बोलून दाखवले असते तर ते माझे वाक्य झाले असते.

पुढच्या भेटीत त्याने स्वतःहून ते जुने वाक्य काढले. "पण मॅडम, कंठ फुटला तो फुटलाच ना. फुटलेली वस्तू सांधता येते, पूर्वीसारखी होत नाही."

काकांचा विनोद त्याने चार वर्षे शब्दशः धरून ठेवला होता, हे मला त्या क्षणी समजले. त्याच्या लेखी कंठ हे मडके होते. मी कागद पुढे सरकवला आणि म्हटले, "मराठीत काय काय फुटतं, त्याची यादी कर."

त्याने भराभर लिहिले: काच, मडके, नारळ, डोके, फटाका. मग मान वर करून म्हणाला, "पेपर." आम्ही दोघेही हसलो. त्यानंतर पेन थांबले. मला 'वाचा फुटते' आणि 'पालवी फुटते' हे दोन शब्द जिभेवर आले होते, आणि ते गिळताना मला किती कष्ट पडले, ते माझ्या सहकाऱ्यांनाच कळेल. बराच वेळ काही घडले नाही. मग त्याने एकच शब्द लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली: फुटवा.

"उसाला फुटवे फुटतात," तो म्हणाला. आणि मग थोडे थांबून, "पप्पा जेठा कोंब मोडतात."

मी शेतकऱ्याच्या घरची नाही, म्हणून मी त्याला समजावून सांगायला लावले. उसाची लागण झाली की कांडीवरच्या डोळ्यातून पहिला जो कोंब वर येतो, तो जेठा कोंब. तो जोमदार असतो, दिसायला देखणा असतो. पुष्कळ शेतकरी दीड महिन्याच्या सुमारास तो मुद्दाम काढून टाकतात, म्हणजे बुडातून येणारे फुटवे एकसारखे आणि जोरात येतात, आणि कारखान्याला जातो तो ऊस मुख्यतः त्या फुटव्यांचा. लहानपणी तो वडिलांच्या मागून सरीतून चालत असे आणि एवढा चांगला कोंब का मोडता म्हणून रडत असे. हे सांगताना त्याने अंगठा आणि तर्जनी यांच्यात हवेतला कोंब धरून खट्कन मोडून दाखवला. तो आवाजही त्याने तोंडाने काढला. मग त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिले आणि तो गप्प झाला. मीही गप्प बसले. त्या दिवशी आम्ही त्यावर एक शब्दही अधिक बोललो नाही. माझ्या कारकिर्दीत मी राखलेल्या सर्वांत चांगल्या मौनांपैकी ते एक होते, असे म्हणण्याचा मोह मी आवरत नाही.

दिवाळीच्या सुट्टीसाठी मी त्याला एक छोटे काम दिले. गायचे नाही, दार लावून पेटीसमोर बसायचे आणि आपला आजचा षड्ज कोणत्या पट्टीत बसतो, तेवढे शोधायचे. लहानपणी तो पांढरी पाचमध्ये गात असे. आता कोणत्या पट्टीत गाता येईल, हे त्याला ठाऊक नव्हते, कारण चार वर्षांत त्याने पाहिलेच नव्हते. सुट्टीहून आला तो दारातूनच म्हणाला, "काळी एक." खुर्चीवर बसल्यावर त्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवला. "आणि मॅडम, खालचा पंचम लागतो. मंद्रातला. इथं वाजतो. पूर्वी आजोबांचा लागायचा, माझा कधीच लागला नव्हता." तो स्वर त्याने मला लावून दाखवला नाही आणि मीही मागितला नाही. त्याचा कार्यक्रम व्हावा, अशी माझी इच्छा नव्हती.

विनायक आता उत्तम गायक झाला आहे का, असे मला कोणी विचारले तर मी उत्तर देत नाही, कारण तो प्रश्नच मुळात त्या जुन्या चुकीतून आलेला आहे. तो नीट झोपतो, आरतीत आवाज काढतो आणि वरचा षड्ज अजून कधीकधी चिरकतो, तेव्हा मान खाली न घालता पुढची ओळ घेतो.

हे वाचणाऱ्या पालकांना माझे एक कळकळीचे सांगणे आहे. "आमचा पूर्वी छान गायचा" हे वाक्य कौतुकाने उच्चारले तरी मुलाच्या कानात ते मृत्युलेखासारखे पडते. त्याऐवजी काहीच न बोलणे बरे, आणि बोलायचेच असेल तर त्याने आज काय ऐकले ते विचारावे. मुलांना सांगायचे ते असे, की ओळख सांगताना नाम सापडत नसेल तर क्रियापद शोधावे. तबला सोडलेला तो मुलगा सिग्नलला थांबला की गाडीच्या टाकीवर झपतालाच्या दहा मात्रा मोजतो आणि हिरवा दिवा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की खूश होतो. हे त्याने कोणालाही कधी सांगितले नव्हते. 'नुसती ऐकते' म्हणणाऱ्या मुलीने मात्र ती केव्हा ऐकते, याकडे लक्ष द्यावे. गाणे आवडते म्हणून कानात असेल तर ते सांगण्यासारखेच आहे. खोलीतली भांडणे ऐकू येऊ नयेत म्हणून असेल तर तेही सांगण्यासारखे आहे, फक्त वर्गात नव्हे, माझ्या खोलीत. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल तर कोणाची वाट पाहू नये. आवाजच घोगरा राहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून घ्यावे. प्रत्येक गोष्ट मनाची असते, असे मी म्हणणार नाही.

प्राध्यापकांशीही मी बोलले. माणूस मनाने मोठा, त्यांनी लगेच मला नवा प्रश्न लिहून द्यायला सांगितले. यंदा मुलांना उभे राहून बोलण्याऐवजी चिठ्ठीवर एकाच वाक्यात उत्तर लिहायचे होते: "गाण्या-वाजवण्याच्या आसपास मी रोज किंवा सणाला काय करतो किंवा करते?" चिठ्ठ्यांवर नावे नव्हती. त्या त्यांनी मला वाचायला दिल्या. एका मुलीने लिहिले होते, की आजीच्या ओव्या ती फोनवर रेकॉर्ड करते आणि आजीला त्याचा पत्ता नाही. आणखी एक चिठ्ठी वहीच्या कोपऱ्यावर, निळ्या शाईत होती: "मी शेकोटीवर हलगी शेकून देतो. वाजवतो भाऊ. किती शेकली की बोलेल, ते मला हात लावून कळतं."