माकडचेष्टा

पोरा,

तुझी दोन पानं काल रात्री वाचली. इंग्रजी बरं आहे, राग त्याहून बरा आहे. स्पेनच्या मैदानांवर वर्णद्वेषी शिव्या खाणाऱ्या, रेआल माद्रिदच्या ब्राझिलियन व्हिनिसियसची बाजू घेऊन थेट स्पेनच्या पेपरला पत्र धाडायचं तुझ्या डोक्यात आलं, याचं मला कौतुकच वाटलं. पार्क चौकात चहाच्या गाडीवर तावातावाने बोलणारे लई, लिहायला बसणारा तू एकटा. पण लाल पेन हातात आलं की मला राहवत नाही, हे तुला सातवीपासून माहीत आहे.

पहिली रेघ मारली ती ‘सगळे स्पॅनिश लोक वर्णद्वेषी आहेत’ या वाक्यावर. काय बे, पुढच्याच परिच्छेदात ज्याला डोक्यावर घेऊन नाचलास तो कार्वाहाल कुठला, सोलापूरचा?

दुसरी रेघ ‘स्पॅनिश मीडियाने बालोन द ओर चोरला’ यावर. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा २०२४ चा तो पुरस्कार स्पेनच्या रोद्रीला गेला तेव्हा मलाही झोप आली नव्हती. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये डॉर्टमुंडविरुद्ध दुसरा गोल व्हिनिसियसचा होता, आणि माझ्या हातात मत असतं तर मी त्यालाच दिलं असतं. पण मत द्यायची पद्धत आधी बघायला हवी होतीस. फिफाच्या क्रमवारीतल्या पहिल्या १०० देशांतला एकेक पत्रकार मत देतो. म्हणजे स्पेनचं मत एक, ब्राझीलचंही एकच. रोद्री ४१ गुणांनी पुढे गेला. हा निकाल पटला नाही असं खुशाल लिही, पण चोरी म्हणालास तर पुरावा मागतील, आणि तो तुझ्याकडे नाही.

शिवाय ‘स्पॅनिश मीडिया’ नावाचा एकच माणूस कुठे बसलेला नाही. मार्का आणि आस हे पेपर माद्रिदचे, मुंदो देपोर्तिवो आणि स्पोर्त बार्सिलोनाचे. वाचक ज्या क्लबचा, पेपरचा कल त्या बाजूला. तू शिव्या घातल्यास मार्काला, जिथे रेआल माद्रिदच्या माणसांना सहसा मायाच मिळते. राग काढायचा तर निदान पत्ता तरी बरोबर लिहावा.

आता मेस्तायाचं, म्हणजे वालेन्सियाच्या मैदानाचं. २१ मे २०२३, रविवार. गच्चीवर पाणी मारून अंथरुणं टाकली होती, फरशी तरीही तापलेलीच होती, आणि तू तुझा फोन माझ्या तोंडासमोर धरलास. तू लिहिलंयस की अख्खं स्टेडियम माकड, माकड ओरडत होतं. सामना संपल्यावर रेआलचे तेव्हाचे प्रशिक्षक आन्चेलोत्तीही तसंच म्हणाले होते, पण नंतर त्यांनी सांगितलं की अख्खं स्टेडियम नव्हतं. स्पॅनिशमध्ये ‘मोनो’ म्हणजे माकड आणि ‘तोंतो’ म्हणजे मूर्ख. त्या गोंगाटात दोन्ही शब्दांचा शेवटचा ‘ओ’ तेवढा आपल्या कानावर येतो, आणि खाली सबटायटल टाकणारा जे टाकेल ते आपण ऐकतो. वालेन्सियाची माणसं नेमकं हेच धरून बसली आहेत: आमचे लोक तोंतो म्हणत होते. तुझा ‘अख्खं’ हा एक शब्द ते उचलतील आणि बाकीचं पत्र टोपलीत टाकतील.

मग उरतं काय? उरतं ते पुष्कळ आहे. व्हिनिसियसने गोलमागच्या स्टँडमधल्या माणसाकडे बोट दाखवलं आणि सामना थांबला. शेवटी झटापटीत लाल कार्ड त्यालाच मिळालं, ते पुढे समितीने रद्द केलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठिंब्यासाठी ब्राझीलमध्ये रिओच्या क्रिस्तो (येशू) पुतळ्याचे दिवे तासभर बंद ठेवले. आणि जून २०२४ मध्ये तिघांना आठ महिन्यांची शिक्षा झाली, फुटबॉल स्टेडियममधल्या वर्णद्वेषी शिव्यांसाठी स्पेनमधली पहिली. तू ‘हजारो’ खोडून ‘तीन’ लिही. त्या तिघांवर कोर्टाचा शिक्का आहे, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही.

आता तुझ्या पत्रात जे नाहीच आहे, त्यावर येतो. सप्टेंबर २०२२. गोल केल्यावर व्हिनिसियस नाचतो म्हणून स्पेनच्या एका टीव्ही कार्यक्रमात खेळाडूंच्या एजंटांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणाला की सांबा नाचायचा तर ब्राझीलला जा, इथे प्रतिस्पर्ध्याचा मान राख आणि माकडासारखं वागणं सोड. बोंब झाल्यावर त्याने माफी मागितली. म्हणाला, तो आमच्याकडचा वाक्प्रचार आहे, वेडेपणा करू नकोस एवढाच अर्थ. त्याच आठवड्यात रेआलचा सामना होता त्या अॅटलेटिकोच्या स्टेडियमबाहेर व्हिनिसियसला माकड म्हणणाऱ्या घोषणा झाल्या. आत त्याचा साथीदार रॉड्रिगोने गोल केला आणि दोघं मिळून नाचले.

तू म्हणशील, वाक्प्रचार कसला, बहाणा आहे. मी तसं म्हणू शकत नाही, कारण आपल्याकडे तोच शब्द आहे. माकडचेष्टा. तुझ्या आजीने तुला दिवसातून दहा वेळा म्हटला असेल, आणि तिच्या मनात काही नसेल.

माझ्याही मनात काही नव्हतं. तुझ्याआधीची गोष्ट. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागले होते, आमच्याकडे मैदानाचा एक कोपरा उरला होता. एक पोरगा होता, डाव्या बाजूने असा सुटायचा की मागे धूळच दिसावी. रंगाने काळा. पोरं त्याला काळ्याच म्हणायची, मीही कधी अडवलं नाही. त्या दिवशी त्याने गोल मारला आणि तिकडे कुठे हलगी वाजत होती, तिच्या ठेक्यावर लेझीमचे चार हात केले, लेझीम नसताना. मी बाजूने ओरडलो, “ए, माकडचेष्टा बंद कर!” सगळे हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून पोरांनी त्याचं नाव काळ्याचं माकड केलं, आणि संक्रांतीनंतर सराव सुरू झाला तेव्हा तो आला नाही. मी समजलो, अभ्यास असेल.

तो आता चाटी गल्लीत कधीमधी दिसतो. वाकून नमस्कार करतो, ‘सर’ म्हणतो, आणि मी घड्याळ बघितल्यासारखं करतो. त्या एजंटाने निदान माफी मागितली.

म्हणून तुझ्या पत्रात ‘तो माणूस खोटं बोलतो’ असं नको. तो खरं बोलत असेल असं धरूनच लिही. शब्द घरात कसा वापरतात ते सांग, आणि स्टँडमधून रोज तीच हाक ऐकणाऱ्या माणसाला तो म्हटला की त्याचं काय होतं ते सांग. तुला ते लिहिता येईल. स्पर्धेला बाहेरगावी गेल्यावर आपल्या सोलापुरी ‘बे’ला हसणाऱ्यांची गोष्ट तूच मला तीनदा सांगितलीयस. तेवढ्यावरून सगळं कळतं असं नाही, पण सुरुवात करता येते.

आणि सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत, व्हिनिसियसची चूक लिही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच मेस्तायावर त्याने गोलकीपरला ढकललं, लाल कार्ड मिळालं, दोन सामने बाहेर बसला. त्यात कुणाचा कट नव्हता. पंचांशी हुज्जत घालून पिवळी कार्डं ओढवून घेतो तेही लिही. हात वर करून शिव्या देणाऱ्या गर्दीकडे बघतो तेव्हा मलासुद्धा वाटतं, सोड ना बाबा, बॉल घे. आपल्या माणसाचं सगळंच बरोबर म्हणणाऱ्याचं पत्र संपादक पुरतं वाचत नाही. मी तर तुझंही वाचलं नसतं, पण तुझं अक्षर ओळखीचं.

रविवारी दुसरा खर्डा घेऊन ये, साडेपाचपर्यंत. दोन पानांचं एक कर. त्या टीव्हीवाल्या प्रसंगाला मी तुझ्या पानाच्या कडेला जागा आखून दिली आहे आणि तिथे ‘माकडचेष्टा’ असं मराठीतच लिहिलंय. त्याला इंग्रजी शब्द तू शोध. मी रात्री दोनदा प्रयत्न केला, मला जमला नाही.

तुझा,
सर