टोरोंटोत बाहेर खायचं तर बसने जा

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरात बायको-मुलीसह टोरोंटोला येतोय, बायको शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही, तर बाहेर खायचं कुठे आणि ‘इंडियन एरिया’ कुठला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. जेरार्ड स्ट्रीट ईस्टवर इंडिया बाझार आहे. 1972 मध्ये तिथे नाझ नावाचं हिंदी सिनेमांचं थिएटर सुरू झालं आणि त्याच्या आजूबाजूला दुकानं, खानावळी जमत गेल्या. 506 नंबरची ट्राम थेट तिथे जाते. एकदा जाऊन या, कुल्फी खा. पण आपली माणसं राहायला केव्हाच ब्रॅम्प्टन, मिसिसागा, स्कारबरो अशा उपनगरांकडे गेली, आणि त्यांच्यामागोमाग खाणंही गेलं.

हाच हिशोब सगळ्या शहराला लावा. पूर्वी नवीन आलेला माणूस स्पडायना, कॉलेज, डॅनफर्थ अशा मध्यवस्तीत घर शोधायचा. म्हणून चायनाटाउन, लिटल इटली, ग्रीकटाउन ही नावं तिथे आहेत. आता तिथलं भाडं नव्या माणसाला झेपत नाही, तो पहिल्या दिवसापासून उपनगरात उतरतो. 2021 च्या जनगणनेत टोरोंटो महानगरातले सुमारे 47 टक्के लोक देशाबाहेर जन्मून इथे स्थायिक झालेले निघाले. त्यातले बरेचसे या उपनगरांत राहतात. मोठ्या रस्त्याकडेला पार्किंग, मागे दहा-बारा दुकानांची बैठी रांग, याला इथे प्लाझा म्हणतात. दिसायला भिकार. आम्ही पहिले सहा महिने डाउनटाउनमध्येच महाग आणि फिकं खात राहिलो आणि या शहराचा नुसताच गवगवा आहे, असं ठरवूनही टाकलं. प्लाझात शिरल्यावर मत बदललं.

स्कारबरोपासून सुरुवात करा. तिथे श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची मोठी वस्ती आहे. कोत्तू रोटी करताना तव्यावर दोन पात्यांनी रोटी, भाज्या, मसाला असं सगळं एकत्र तोडतात. त्याचा खणखणाट काचेचं दार बंद असलं तरी गाडी लावताना ऐकू येतो. माझी मुलगी लहानपणी त्या तालावर नाचायची. मात्र साध्या व्हेज कोत्तूतही अंडं फोडून घालायची पद्धत आहे, तेव्हा ऑर्डर देतानाच ‘नो एग’ असं ठणकावून सांगा. इडिअप्पम (तांदळाच्या शेवया) आणि नारळाच्या दुधातली सोदी (पातळ आमटी) घ्या. नारळाच्या सांबोलात (चटणीत) कधी सुकी मासळी असते, तेवढं विचारून घ्या. याच भागात हक्का चायनीजची दुकानं आहेत. ती बरीचशी कोलकात्याहून आलेल्या चिनी कुटुंबांनी सुरू केलेली. मंचुरियनची आठवण आली की तिकडे जायचं.

तुमच्या बायकोसाठी माझी सगळ्यात खात्रीची जागा मात्र वेगळीच आहे: डॅनफर्थवर ग्रीनवुड स्टेशनाजवळच्या इथिओपियन खानावळी. त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास बुधवारी, शुक्रवारी आणि मोठमोठ्या सणांआधी असतात. उपासाला मांस, अंडं, दूध, तूप काहीच चालत नाही, डाळी मात्र पोटभर. त्यामुळे शाकाहारी ताट हा त्यांचा मुरलेला प्रकार आहे. ‘येत्सोम बेयायनेतू’ (उपासाचं मिश्र ताट) मागा. टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा परातीएवढी येते, आंबोळीसारखी जाळीदार आणि चांगलीच आंबट. तिच्यावर मसूर, वाटलेल्या चण्याचं शिरो, कोबी-बटाटा, पालेभाजी असे ढीग. त्याच इंजेराचा तुकडा तोडून, उजव्या हाताने, सगळ्यांनी एकाच ताटात खायचं. माझ्या सासूबाई टोरोंटोतल्या कुठल्याही हॉटेलात एवढ्या रमल्या नाहीत.

त्रिनिदादच्या दुकानात ‘डबल्स’ मिळतात: हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पोळ्या, मध्ये छोले, वरून चिंचेची चटणी, कागदात गुंडाळून. ‘स्लाइट पेपर’ म्हणालात तर तिखट बेताचं घालतात. उभ्यानेच खायचं, शर्ट जपून. फिंच अव्हेन्यूच्या उत्तरेला यंग स्ट्रीटवर इराणी खानावळी आहेत, त्यांचं वांग्याचं कश्क-ए-बादेमजान अवश्य घ्या. मोमोंसाठी पार्कडेल, तिथे तिबेटी खानावळी आहेत. पॅसिफिक मॉल या चिनी बाजाराचं नाव सगळे सांगतील, तिथे तुम्ही जाल, पण शाकाहाऱ्याला फार काही हाती लागत नाही.

थाई, व्हिएतनामी ठिकाणी मी एकदा आपटलो आहे. ‘व्हेजिटेबल सूप’ म्हणून मागवलेलं, अर्धं संपल्यावर कळलं की रस्सा हाडांचा आहे. भाज्या होत्या म्हणून व्हेजिटेबल, त्यांचं काही चुकलं नाही. तेव्हा ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबू नका. फिश सॉस, ऑयस्टर सॉस, चिकन ब्रॉथ, एग अशी नावं घेऊन विचारा. बौद्ध शाकाहारी चायनीज मिळालं तर निश्चिंत व्हा, तिथे कांदा-लसूणही बहुधा नसतो.

आता पैसे. मेनूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, वर 13 टक्के एचएसटी (विक्रीकर) लागतो. टेबलावर वाढून दिलं तर टिपही. 20 डॉलरची डिश घेतलीत तर कराचे 2.60 आणि 15 टक्क्यांनी टिपचे 3, म्हणजे 25.60. कार्डाचं मशीन 18-20-22 असे आकडे पुढे करतं आणि पुष्कळदा ते करासकट रकमेवर काढतं. ओशाळू नका, खाली स्वतःचा आकडा टाकायची सोय असते. काउंटरवरून पार्सल घेतलंत तर मी टिप देत नाही, काही जण देतात.

दारावर ‘डाइनसेफ’ची, म्हणजे शहराच्या स्वच्छता-तपासणीची पाटी बघायची सवय लावा. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे सुधारणेच्या अटीवर पास, लाल म्हणजे बंद. प्लाझातल्या कळकट दिसणाऱ्या दुकानांवरही हिरवी पाटी असते, बायकोला तीच दाखवा.

गाडी लगेच घेणार नसाल तरी अडत नाही. प्रेस्टो हे प्रवासाचं कार्ड टॅप केलं की टीटीसीच्या (शहराच्या वाहतूक सेवेच्या) एकाच भाड्यात दोन तास हव्या तितक्या बस, ट्राम, सबवे बदलता येतात. दुपारी भरभर खाणारा माणूस त्याच तिकिटात जाऊन परत येतो. आमचं जेवण लांबतं, आम्हाला परतीचे पैसे पडतातच. आणि ही भटकंती सप्टेंबर-ऑक्टोबरातच उरकून घ्या, जानेवारीत बसथांब्यावर उभं राहायची वेळ आली की कोत्तूची भूक घरच्या खिचडीवर भागवावी लागते.